बालल्युकेमियाच्या संशोधनातली वर्षं: सॅम्पल, फ्रीझर आणि फॉलो-अप

लहान मुलांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, संशोधन करायला येणाऱ्याने सगळ्यात आधी वर्षांचं गणित मांडून बघावं. या वयात सर्वाधिक दिसणारा प्रकार म्हणजे ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. वॉर्डात आणि लॅबमध्ये त्याला एएलएल म्हणतात. उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. आजार उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच उलटतो, म्हणून मूल बरं झालं असं म्हणण्याआधी पाच वर्षांचा फॉलो-अप धरतात. पुरेशी मुलं अभ्यासात यायला तीन-चार वर्षं जातात. म्हणजे आज विचारलेल्या एका नीट प्रश्नाचं उत्तर आठ-नऊ वर्षांनी. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला मिळतात कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं.

हा हिशेब एकाच वाटेने बसतो. आपली पीएचडी आपल्या आधीच्यांनी गोठवलेल्या सॅम्पलवर होते आणि आपण गोठवलेली सॅम्पल आपल्या नंतरच्यांना लागतात. म्हणून लॅब निवडताना गाइडचे पेपर वाचाच, पण त्याआधी फ्रीझरची यादी मागा. निदानाच्या वेळची सॅम्पल किती, त्याच मुलांची रेमिशनमधली, म्हणजे आजार दिसेनासा झाल्यावरची, जोडसॅम्पल किती, आणि त्यांतल्या किती मुलांचं पुढे काय झालं हे नोंदलेलं आहे? तिसऱ्या प्रश्नावर गाइड अडखळला, तर पहिली दोन वर्षं जुन्या फाइली उपसण्यात जाणार हे समजून चाला. काम वाईट नसतं, पण आधी माहीत असलेलं बरं.

प्रवेशाच्या वाटा ठरलेल्या आहेत. एमएस्सीनंतर सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ फेलोशिपची, परीक्षा किंवा डीबीटी या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी. १ जानेवारी २०२३पासून जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपला, ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. स्वतःची फेलोशिप आणि प्रोजेक्टवरची जेआरएफ यांत फरक आहे, तो मुलाखतीला जाण्याआधी समजून घ्या. प्रोजेक्टची जागा प्रोजेक्टबरोबर संपते, आणि अनुदानाचा पुढचा हप्ता उशिरा आला की पगारही थांबतो. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या ठिकाणी, जिथे टाटा मेमोरियलचा दवाखाना आणि संशोधन केंद्र एकमेकांशी जोडलेले आहेत, तिथला फायदा एकच पण मोठा: सॅम्पल चालत येतं. दवाखाना दूर असलेल्या विद्यापीठात ते कुरियरने येतं, आणि त्याचे परिणाम पुढे सांगितले आहेत. एमडी पॅथॉलॉजी किंवा बालरोग-कर्करोगात डीएम करून येणारे डॉक्टरही या क्षेत्रात आहेत. त्यांना रुग्ण हाताशी असतात, वेळ नसतो.

पहिलं वर्ष कागदांचं. संस्थेच्या नीतिसमितीपुढे प्रस्ताव जातो, समिती प्रश्न पाठवते, उत्तरं पुढच्या बैठकीत वाचली जातात. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची लेखी संमती लागतेच. शिवाय ७ वर्षांवरच्या मुलाची तोंडी आणि १२ वर्षांवरच्या मुलाची लेखी सहमती लागते. माहितीपत्रक मराठी, हिंदी, बंगाली अशा त्या त्या भाषेत हवं, कारण मुंबईच्या वॉर्डात बिहार-बंगालची कुटुंबंही पुष्कळ भेटतात. प्रस्ताव सर्वांत जास्त अडतो तो एका वाक्यावर: ‘संशोधनासाठी अतिरिक्त मॅरो घेतला जाईल.’ मॅरो म्हणजे हाडातला मगज, तो सुईने काढतात, म्हणून समिती लगेच विचारते, वेगळी सुई टोचणार का? उत्तर ‘नाही’ असंच हवं. निदानासाठी भूल देऊन सुई टाकलेलीच असते, त्याच वेळी एक-दोन मिलिलिटर जास्त घ्यायचा. आणि तोही निदानाच्या ट्यूब भरून झाल्यावर.

संमती कोण घेतं आणि कधी, यावर सगळं अवलंबून असतं. निदान कळलं त्याच दुपारी आईवडिलांपुढे संशोधनाचा फॉर्म ठेवला तर ते सहीही करतील, पण काय वाचलं ते त्यांना आठवणार नाही. तशी संमती आमच्या मते संमतीच नव्हे. निदानाचा मॅरो मात्र तेव्हाच निघतो. यावर वापरात असलेला मार्ग असा: उरलेलं सॅम्पल जपून ठेवण्याची थोडक्यात संमती आधी घ्यायची आणि काही दिवसांनी, मूल स्थिरावल्यावर, पूर्ण समजावून दुसरी घ्यायची. दुसऱ्या वेळी नाही म्हटलं तर व्हायल, म्हणजे सॅम्पलची छोटी कुपी, नष्ट करायची आणि तशी नोंद ठेवायची. समितीकडून हे दोन टप्प्यांचं पत्रक आधीच मंजूर करून घ्यावं लागतं.

आता मॅरो. सिरिंज ओढल्यावर पहिल्या ओढीत येतो तो खरा मॅरो. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत शिरेतलं रक्त मिसळत जातं. पहिली ओढ एमआरडीला, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या आजाराच्या तपासणीला, जायला हवी. संशोधनाच्या वाट्याला येतो तो नंतरचा, पातळ झालेला मॅरो. निदानाच्या वेळी ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या कोवळ्या पेशी, ८०-९० टक्के असतात, त्यामुळे तेव्हा फरक फारसा जाणवत नाही. रेमिशनच्या सॅम्पलमध्ये मात्र याने निष्कर्षच बदलतो. म्हणून व्हायलवर ‘कितवी ओढ’ हे लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावायची. नंतर ते कुणालाच आठवत नाही.

ट्यूबचा रंगही महत्त्वाचा. जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे लेझरने एकेक पेशी ओळखण्याच्या तपासणीला, आणि डीएनए-आरएनएला. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची ट्यूब सायटोजेनेटिक्सला, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीला, आणि कल्चरला. हेपॅरिन पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्यात, अडथळा आणतं, त्यामुळे हिरव्या ट्यूबमधून डीएनए काढून ‘पीसीआर का होत नाही’ म्हणून आठवडा घालवणारे दरवर्षी भेटतात. फ्लोचं सॅम्पल साधारण तापमानाला ठेवायचं आणि शक्यतो २४ तासांत, फार तर ४८ तासांत चालवायचं. आरएनए हवा असेल तर काही तासांतच पेशी आरएनए जपणाऱ्या ट्रायझॉल द्रावणात गेल्या पाहिजेत. शुक्रवारी संध्याकाळी कुरियरला दिलेलं सॅम्पल सोमवारी पोचतं तेव्हा त्यातल्या ब्लास्ट पेशी बऱ्याच मेलेल्या असतात. निरोगी टी पेशी त्या मानाने टिकतात, आणि मग सीक्वेन्सिंगमध्ये ल्युकेमियाऐवजी मुलाची प्रतिकारशक्तीच वाचली जाते. कुरियर परिणाम बदलतं ते असं.

पेशी वेगळ्या करायला फायकॉल नावाचं दाट द्रावण, घनता १.०७७. मॅरो पीबीएस या खारट द्रावणात निम्म्याने पातळ करून फायकॉलवर हलकेच सोडायचा, ४०० जीला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोराने, ३० मिनिटं, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर यंत्र झटक्याने थांबतं आणि मधला ढगाळ थर विस्कटतो. फायकॉल फ्रिजमधून काढून तसंच वापरलं तर लाल पेशी नीट खाली बसत नाहीत, म्हणून तासभर आधी बाहेर काढून ठेवायचं. थर उचलला, दोनदा धुतला, मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने जिवंत पेशी मोजल्या की ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ, म्हणजे गोठताना पेशी वाचवणारं द्रव्य, यांत गोठवायचं, एका व्हायलमध्ये ५० लाख ते १ कोटी पेशी. डीएमएसओ घातल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, साध्या तापमानाला ते पेशींना मारतं. आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यात उणे ८०ला रात्रभर ठेवलं की तापमान मिनिटाला साधारण एक अंशाने उतरतं. दुसऱ्या दिवशी व्हायल द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत. उणे ८०मध्येच राहून गेलेल्या व्हायल काही महिन्यांत निकामी होतात, आणि कोणत्याही लॅबमध्ये अशा एक-दोन डब्या असतातच.

वितळवणं गोठवण्यापेक्षा अवघड. ३७ अंशाच्या पाण्यात व्हायल धरायची, आत बर्फाचा बारीक खडा उरला असतानाच काढायची आणि कोमट मीडियम थेंबाथेंबाने घालायचं. एकदम ओतलं तर पेशी फुटतात. मेलेल्या पेशींतून सुटलेल्या डीएनएमुळे सगळं चिकट होऊन गोळा बनतो, म्हणून मीडियममध्ये डीएनए तोडणारं डीएनेज हवं. आणि इतकं करूनही रुग्णाच्या एएलएल पेशी प्लेटमध्ये एकट्या ठेवल्या तर काही दिवसांत मरतात. त्यांना मॅरोमधल्या आधारपेशींचा थर खाली लागतो. अशा कल्चरमध्ये औषधाची चाचणी घेताना औषध न घातलेल्या पेशीही मरत असतात. तो आकडा शेजारी न ठेवता ‘औषध काम करतं’ म्हणणारा आलेख पाहिला तर पान उलटावं.

सेल लाइनचं, म्हणजे लॅबमध्ये अखंड वाढत राहणाऱ्या पेशींचं, काम त्या मानाने सोपं, म्हणून विद्यार्थी तिकडे वळतात. रेह या लाइनमध्ये ईटीव्ही६-रनएक्स१ हे जोडजनुक, ६९७मध्ये टीसीएफ३-पीबीएक्स१, सप-बी१५मध्ये बीसीआर-एबीएल१, आरएस४;११मध्ये केएमटी२ए-एएफएफ१. वाढतात भरपूर, पण त्या कुणाच्या आहेत हे लक्षात ठेवायला हवं. नाल्म-६ ही १९ वर्षांच्या तरुणाची, आरएस४;११ ही ३२ वर्षांच्या बाईची, आणि दोन्ही आजार उलटल्यानंतरच्या. ‘बालल्युकेमियाचं मॉडेल’ म्हणून छापलेलं पुष्कळसं काम अशा पेशींवर उभं आहे. दर काही महिन्यांनी मायकोप्लाझ्मा या जंतूची तपासणी आणि नवी व्हायल काढली की एसटीआर प्रोफाइल, म्हणजे पेशींची डीएनए-ओळख, या दोन गोष्टींचा खर्च वाचवू नये. शेजारच्या हूडमधली वेगाने वाढणारी दुसरी लाइन एका पिपेटच्या चुकीने आपल्या फ्लास्कमध्ये शिरते आणि काही पॅसेजमध्ये आपली लाइन संपवून टाकते. दिसायला दोन्ही गोल, तरंगणाऱ्या पेशी.

उंदरांवरच्या झेनोग्राफ्टबद्दल थोडक्यात. प्रतिकारशक्ती नसलेल्या एनएसजी उंदरांत रुग्णाच्या पेशी टोचायच्या आणि महिन्या-महिन्याला रक्तात मानवी पांढऱ्या पेशींवरची सीडी४५ ही खूण किती आली ते बघायचं. कधी दीड-दोन महिने, कधी त्याच्या दुप्पट वेळ लागतो. परवानगी, स्वतंत्र हवेचे पिंजरे आणि उंदरांची किंमत पाहता पीएचडीचा आधार यावर ठेवू नये. जो आजार उंदरात पटकन वाढतो तो बहुधा मुळातच आक्रमक असतो, त्यामुळे निष्कर्ष एका बाजूला झुकतात.

दवाखान्याशी जोडलेल्या लॅबमध्ये शास्त्रज्ञाची खरी ओळख एमआरडीवर होते. उपचाराचा पहिला टप्पा, इंडक्शन, संपताना, म्हणजे चार-पाच आठवड्यांनी, मॅरोत दहा हजारांत एक ल्युकेमिया पेशी उरली आहे का हे सांगायचं: ०.०१ टक्के. हिशेब साधा आहे. खात्रीने सांगायला ५० पेशींचा गट दिसायला हवा. ५ लाखांत ५० म्हणजे ०.०१ टक्के. म्हणून ५ लाख हा किमान आकडा, आणि चांगल्या लॅब त्याच्या कितीतरी पट पेशी चालवतात. त्यासाठी आधी अमोनियम क्लोराइडने मोठ्या प्रमाणात लाल पेशी फोडून उरलेल्या एकवटतात. मॅरो पातळ असेल तर कोटभर पेशी मोजूनही आकडा खोटाच. सामान्य मॅरोत असणाऱ्या मास्ट पेशी आणि केंद्रक असलेल्या लाल पेशी दिसतच नसतील, तर अहवालात ‘सॅम्पल रक्तमिश्रित’ असं लिहायचं, ‘निगेटिव्ह’ म्हणून मोकळं व्हायचं नाही.

फसवणारे सापळे ठरलेले आहेत. मॅरो सावरू लागला की हीमॅटोगोन, म्हणजे निरोगी कोवळ्या बी पेशी, भरभरून येतात आणि त्यांच्यावरही सीडी१० असतं. ब्लास्ट ओळखायचे ते सीडी३८ आणि सीडी८१ मंद, सीडी५८ आणि सीडी७३ ठळक अशा जोड्यांवरून, एकट्या मार्करवरून कधीच नाही. स्टेरॉइड चालू असताना ब्लास्ट स्वतःचा चेहराही बदलतात: सीडी१० आणि सीडी३४ उतरतं, सीडी२० चढतं. त्यामुळे निदानाच्या वेळचं चित्र जसंच्या तसं शोधणाऱ्याला आजार सापडत नाही. सीडी१९वर नेम धरणाऱ्या ब्लिनाटुमोमॅब या औषधानंतर किंवा कार-टी पेशींच्या उपचारानंतर तर सीडी१९च गायब होऊ शकतं, मग बी पेशी शोधायला सीडी२२, सीडी२४ असा दुसरा रस्ता लागतो. यंत्राची खोड वेगळीच. नव्या रुग्णाच्या ९० टक्के ब्लास्टच्या ट्यूबमागून नळी न धुता एमआरडीची ट्यूब लावली, तर आधीच्या ट्यूबच्या उरलेल्या पेशी निगेटिव्ह मुलाला पॉझिटिव्ह ठरवतात. दिवसाची सुरुवात एमआरडीने करावी, निदानाची सॅम्पल शेवटी.

या आकड्यावर मुलाचा उपचार वाढतो किंवा हलका राहतो. संशोधन म्हणून शिकायला आलेल्याला ही जबाबदारी जड जाते, आणि जावी. दोघांनी एकमेकांचं न बघता गेटिंग, म्हणजे आलेखावर पेशींचे गट आखणं, करून मग जुळवणं हा त्यावरचा जुना उपाय आजही सर्वांत उपयोगी आहे.

सॅम्पल चांगलं, प्रयोग चांगला, आणि मुलाचं पुढे काय झालं ते माहीत नाही, अशी अवस्था आपल्याकडे वारंवार येते. उपचार अर्धवट सोडून कुटुंब गावी जातं. पैसे संपतात, शेताचा हंगाम येतो, घरी दुसरी लेकरं असतात. अशी मुलं आलेखात ‘शेवटचं पाहिलं तेव्हा ठीक’ म्हणून मोजली की यशाचा आकडा फुगतो. आंतरराष्ट्रीय बालकर्करोग संघटनेची, सिओपची, शिफारस अशी की सलग चार आठवडे किंवा अधिक काळ उपचार चुकले तर ते सोडले असं धरावं आणि आलेखात ती आजार उलटण्यासारखीच घटना म्हणून मोजावी. दोन्ही पद्धतींनी आलेख काढून शेजारी ठेवले की फरक दिसतो. वॉर्डातल्या समाजसेवकांशी ओळख ठेवा. फॉलो-अपचा फोन तेच लावतात, आणि पेपरमध्ये त्यांचं नाव यायला हवं.

एकसारखा उपचार मिळालेली मुलं हीही कमावलेली गोष्ट आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई, दिल्ली आणि चेन्नईत एमसीपी-८४१ हा एकच प्रोटोकॉल सुरू झाला म्हणून भारतातले आकडे पहिल्यांदा एकत्र वाचता आले. नंतर कोलकाता, मुंबई, दिल्ली, चंदीगड, चेन्नई यांनी मिळून आयसिकल-एएलएल-१४ ही चाचणी उभी केली. अशा चाचणीतल्या शंभर सॅम्पलची किंमत वेगवेगळ्या उपचारांतल्या पाचशेंहून जास्त.

प्रश्न कोणता घ्यावा? बाहेरच्या मोठ्या गटाने हजारो मुलांचं जीनोम वाचून झालं आहे. तेच शंभर मुलांत पुन्हा करण्यात अर्थ नाही. इथल्या मुलांत वेगळं काय आहे तिथे हात घालावा. सिक्स-एमपी, म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन, घेताना पांढऱ्या पेशी अचानक कोसळतात. युरोपात त्याचं कारण बऱ्याचदा टीपीएमटी जनुकात सापडतं, आपल्याकडे एनयूडीटी१५मध्ये. त्यातला सी.४१५ सी>टी हा बदल आशियाई लोकांत बराच जास्त. रोजचा डोस एरवी चौरस मीटरला ५० ते ७५ मिलिग्रॅम, पण जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या मुलाला सुरुवात १०ने करावी लागते. तपासणी एका पीसीआरची आणि सँगर सीक्वेन्सिंगची, महिन्याभरात विद्यार्थी बसवू शकतो. अवघड भाग पुढचा. गोळी ५० मिलिग्रॅमची, मूल बारा किलोचं, आणि अर्धी-पाव गोळी कोणत्या वारी द्यायची हे आईच्या वहीत लिहावं लागतं. ती वही न पाहता ‘डोस सहन झाला नाही’ असं लिहिता येत नाही. ॲस्पॅराजिनेज या एन्झाइम-औषधाचंही तसंच. सगळ्या उत्पादनांचा जोर सारखा नसतो, म्हणून रक्तातली ॲक्टिव्हिटी मोजतात आणि ०.१ आययू प्रति मिलिलिटर ही खालची रेघ धरतात. ते जे तोडतं ते ॲस्पॅराजीन थेट मोजायला जाल तर एन्झाइम ट्यूबमध्येही काम करत राहतं आणि आकडा शून्याकडे जातो.

इथल्या प्रश्नातून जगाला औषध मिळाल्याचं उदाहरणही मुंबईचंच आहे. १९२८च्या सुमारास ल्युसी विल्स इथे आल्या त्या गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग अभ्यासायला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं, आणि तो धागा फोलिक ॲसिडपर्यंत गेला. पुढे बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी फोलिक ॲसिडच्या विरुद्ध काम करणारं अमिनोप्टेरिन ल्युकेमियाच्या १६ मुलांना दिलं, त्यांतल्या १० जणांत आजार तात्पुरता मागे हटला. १९४८चा तो पेपर. ते रेणू येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ली प्रयोगशाळेतल्या चमूने बनवले होते.

पीएचडीनंतर पोस्टडॉकसाठी मेम्फिसचं सेंट ज्यूड, बोस्टन, लंडन, युट्रेख्ट अशी ठिकाणं असतात. जाण्याआधी एक ठरवा: तिथून कोणतं कौशल्य आणायचं जे परत आल्यावर इथल्या खर्चात चालेल. सिंगल-सेल सीक्वेन्सिंग शिकून आलेला माणूस एका प्रयोगाच्या खर्चापाशी थबकतो. आकडेशास्त्र, डेटा हाताळणं आणि चाचणीची आखणी शिकलेला पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतो. त्यातच प्रश्नही बदलत आहेत. २०२४च्या अखेरीस आलेल्या चाचणीत, स्टँडर्ड-रिस्क एएलएलच्या, पण आजार उलटण्याचा धोका मध्यम किंवा जास्त असलेल्या मुलांना केमोथेरपीबरोबर ब्लिनाटुमोमॅब दिल्यावर तीन वर्षं आजाराविना जगलेल्यांचं प्रमाण ८७.९वरून ९६ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली, ती १५ वर्षांवरच्या रुग्णांसाठी. त्याहून लहानांसाठी काम बाकी आहे, आणि त्यात उद्योगातल्या नोकऱ्याही आहेत.

परत येणाऱ्यांसाठी डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप आणि इंडिया अलायन्सच्या फेलोशिप आहेत. अर्ज परदेशातून परतण्याच्या वर्षभर आधी करा, आणि यजमान संस्थेचं पत्र त्याहून आधी मागा. परदेशी गटाबरोबर काम असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी आयसीएमआरमार्फत लागते. ती येण्याआधी एकही व्हायल बाहेर जात नाही, त्यामुळे सहकार्याचं वेळापत्रक तिच्यानंतरच सुरू होतं असं समोरच्याला पहिल्याच ईमेलमध्ये सांगा. अनुदान आलं की ३१ मार्चच्या आत खर्च करायचा, मग उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. परदेशातून येणाऱ्या अँटिबॉडीला खरेदीची प्रक्रिया, कस्टम आणि विमानतळावरचा शनिवार-रविवार मिळून महिने लागतात, म्हणून जानेवारीत मागवलेलं त्याच वर्षीच्या हिशेबात बसत नाही. ऑर्डर सप्टेंबरपर्यंत द्या.

स्वतःची लॅब मिळाल्यावर सीक्वेन्सर घेऊ नका, ते काम बाहेरून होतं. उणे ८०चा फ्रीझर जनरेटरच्या लाइनवर घ्या, तापमान वाढलं की फोन वाजवणारी घंटा लावा, नायट्रोजनच्या टाकीची पातळी आठवड्यातून दोनदा मोजणारा माणूस नेमा. आणि व्हायलची यादी एकाच ठिकाणी ठेवा: सांकेतिक क्रमांक, तारीख, कितवी ओढ, ब्लास्ट किती टक्के, संमतीचा टप्पा, शेवटचा फॉलो-अप. लेबल नायट्रोजनमध्ये टिकणारं छापील हवं. साध्या मार्करने लिहिलेलं इथेनॉलच्या एका थेंबात पुसलं जातं, आणि नाव पुसलेली व्हायल फेकून द्यावी लागते.